अलंगच्या किनाऱ्यावर अमेरिका विरुद्ध रशिया

स्वीडनच्या ‘डाइस’ स्टुडिओचा ‘बॅटलफील्ड २०४२’ हा गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. एकट्याने खेळायची मोहीम त्यात नाहीच. सगळा मामला ऑनलाइन. गेमच्या कथेत हवामान बिघडून देशच्या देश कोसळलेत आणि अमेरिका-रशियाच्या लढाईत देश गमावलेले निर्वासित बंदूक उचलतात. एक रणभूमी तर थेट गुजरातमधल्या अलंगची: किनाऱ्यावर रुतलेला अजस्र जहाजाचा सांगाडा, आणि मध्येच घोंगावत आलेली वावटळ जवळच्या सैनिकाला सरळ आभाळात भिरकावते. पीसी आणि नव्या कन्सोलवर एका सामन्यात १२८ खेळाडू, जुन्या कन्सोलवर ६४. आकडा भारी, पण मैदानं इतकी ऐसपैस की शत्रू दिसेपर्यंत नुसती पायपीट! खेळाडू वैतागले. शिवाय या गेममध्ये मोडीत काढलेले, मालिकेतले सैनिकांचे जुने चार वर्गही २०२३ मध्ये परत आणावे लागले.