शिक्षकपदाची वाट : पदवी, प्रशिक्षण आणि पात्रता

सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. शिकविणे हीदेखील एक विद्या असून ती शिकावीच लागते, हा त्यातील बोध होय.

पिंगळी परिसरातील अनेक विद्यार्थी शिक्षक होण्याची आकांक्षा बाळगतात. कोणता अभ्यासक्रम कोणत्या वर्गापर्यंत नेतो, हे मात्र त्यांनी प्रवेशापूर्वीच जाणून घ्यावे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका लागते. सहावीपासून पुढे पदवीनंतरचे बी.एड. चालते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले असून त्यातील वीस आठवडे शालेय अनुभवासाठी असतात. बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची अर्हता नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. हे ठाऊक नसल्यास मजूर आईबापांच्या घामाची दोन वर्षे वाया जाऊ शकतात.

पदवी हाती आली म्हणजे नेमणूक मिळाली असे नव्हे. पहिली ते आठवीसाठी १५० गुणांची शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य आहे. खुल्या प्रवर्गास ६०, तर मागासवर्गीयांस ५५ टक्के गुण लागतात. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ‘पवित्र’ प्रणालीद्वारे निवड होते. महाविद्यालयास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही, हेही आधी तपासावे.

१९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातील वंचितांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्या दारातून आलेल्यांनी आता फळ्यासमोर उभे राहावे. मात्र पूर्ण पात्रतेनिशी.