इंजिन एकटं येत नाही: १९६९ च्या पिकअपची गोष्ट

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. ऐकताना आकडे फार भराभर गेले असं वाटलं असेल, तर इथे सावकाश वाचा. नेहमी आपण कोड, फोन, ॲप्स यावर बोलतो. आज मात्र विषय आहे लोखंड, ग्रीस आणि एक ट्रक.

झालं असं की, मी सध्या कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा राहतात. (मनात मी त्यांना आजोबा म्हणतो. समोर इथल्या पद्धतीप्रमाणे नावाने हाक मारावी लागते, आणि दोन वर्षं झाली तरी माझी जीभ अडखळते.) त्यांच्या दारात त्यांच्या वडिलांची १९६९ ची शेव्हरोले सी-१० पिकअप उभी होती. चालू होती म्हणायची, पण धूर सोडत, खोकत. गिअर स्टिअरिंगवर, म्हणजे आपल्या जुन्या ॲम्बेसिडरसारखा. मी एकदा सहज म्हणालो, "मदत करू का?" आणि पुढचे सहा महिने माझे शनिवार गेले.

मूळ इंजिन म्हणजे २५० क्युबिक इंचाचं, साधारण ४.१ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं. आता इंजिन बदलायचं की नाही हे ठरवण्याआधी त्याला नक्की काय झालंय ते कळायला हवं. आपण बग न शोधताच सगळं नव्याने लिहायला घेतो ना, तसं इथेही लोक करतात. त्याची टेस्ट अगदी सोपी आहे. सगळे स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात प्रेशर गेज लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. आमचे चार सिलिंडर १२० ते १३० पीएसआय दाखवत होते. तिसरा आणि चौथा साठच्याही खाली. मग त्या दोघांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजायचं, कारण ऑइल ती फट तात्पुरती बुजवतं. आमचा आकडा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की संशय जातो हेड गॅस्केटवर. ते स्वस्तातलं काम. आम्ही खूश.

ती खुशी हेड उघडेपर्यंत टिकली. गॅस्केट जळालेलं होतंच, पण मशीन शॉपवाल्याने चुंबक आणि लोखंडाची भुकटी वापरून ब्लॉक तपासला तेव्हा दोन सिलिंडरच्या मधे बारीक रेघ उमटली. ब्लॉकलाच चीर. बिडाचं वेल्डिंग होतं, पण महागडं आणि बेभरवशाचं. आजोबा काही बोलले नाहीत. रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि हात पुसला.

आता नवं इंजिन कोणतं? मी लगेच एक्सेल शीट उघडली. (सवय.)

पहिला उमेदवार शेव्हरोलेचंच ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८. या घराण्याचं पहिलं इंजिन १९५५ ला आलं, ३५० चं रूप १९६७ ला, आणि आजही ते नवंकोरं, खोक्यात बंद मिळतं. सुटे भाग जवळजवळ कुठेही मिळतात. मजा म्हणजे गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांची रचना आमच्या सहा सिलिंडरवाल्याची आणि याची एकच.

दुसरा उमेदवार ५.३ लिटरचं आधुनिक व्ही-८, ज्याला इथले लोक सरसकट एलएस म्हणतात. १९९९ पासून शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये यायला लागलं, म्हणून जंकयार्डात ढिगाने मिळतं. फ्युएल इंजेक्शन, कम्प्युटर, थंडीत एका सेल्फमध्ये चालू. आणि माझ्यासारख्याला तर ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे मेजवानी! मी मनातून यालाच मत देऊन मोकळा झालो होतो.

इथे पॉवरच्या आकड्यांची एक गंमत सांगतो, कारण मी त्यात फसलो. जुन्या इंजिनच्या पुस्तकात १५५ हॉर्सपॉवर लिहिलंय, नव्याचे २७० च्या पुढे. म्हणजे दुपटीला कमी, असं मी म्हटलं. चूक. १९७२ पूर्वी अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा द्यायच्या, म्हणजे इंजिन टेबलावर, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे ओझं काढून मोजलेलं. नंतर 'नेट' आकडा आला, गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून. त्या हिशोबाने १९७२ ला तेच २५० इंजिन ११० वर आलं. तेव्हा दोन काळांतले आकडे शेजारी ठेवताना आधी एकक बघा.

बरं, जंकयार्डातलं इंजिन हजार डॉलरच्या आसपास मिळत होतं. पण इंजिन एकटं येत नाही, त्याचं अख्खं वऱ्हाड येतं. एलएसचं ऑइल पॅन खोल असतं, ते या ट्रकच्या फ्रेमखाली लोंबतं, म्हणून वेगळं पॅन. माउंट वेगळे. वायरिंगचा वेगळा हार्नेस. ईसीयूतली चोरीविरोधी सिस्टिम काढायची, नाहीतर पेट्रोल सुरूच होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरला पंपाचं पाचेक पीएसआय प्रेशर पुरतं, इंजेक्शनला साधारण ५८ लागतं. म्हणजे इलेक्ट्रिक पंप, नवी लाइन, परतीची लाइन. आणि १९६९ च्या या ट्रकची पेट्रोलची टाकी कुठे आहे माहितीये? केबिनच्या आत, सीटच्या मागे. तिथून त्या प्रेशरची लाइन काढायची म्हटल्यावर टाकीच मागे, चासीखाली हलवायची असं ठरलं. शीटमध्ये अजून एक ओळ.

त्याहून महत्त्वाचं ब्रेक. या ट्रकना पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. आमच्याला चारही चाकांना ड्रम. त्यावर अडीचपट ताकदीचं इंजिन बसवायचं म्हणजे... तुम्हीच विचार करा. व्ही-८ कोणतंही घेतलं तरी मोठा रेडिएटर आणि नवा एक्झॉस्ट आलाच. माझी बेरीज पाच हजार डॉलर ओलांडून गेली, आणि त्यात आमचे शनिवार धरलेच नव्हते.

इलेक्ट्रिकबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून पटकन सांगतो. फोर्डने २०२१ ला १९७८ च्या एफ-१०० पिकअपमध्ये आपल्या इलेक्ट्रिक मोटर बसवून दाखवल्या आणि तसली मोटर ३,९०० डॉलरला विकायलाही काढली. पण त्या किमतीत बॅटरी नाही, इन्व्हर्टरही नाही. पुन्हा तेच वऱ्हाड!

तिसरा पर्याय, ज्याला मी शीटमध्ये सगळ्यात खाली टाकलं होतं, तो म्हणजे तसंच दुसरं २५० शोधायचं. मी आजोबांना रंगीत कॉलम दाखवत होतो. किंमत, पॉवर, मायलेज. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यात मला गाडी कधी चालवता येईल तो कॉलम कुठे आहे?"

नव्हता.

आठवड्यातून एक दिवस काम धरलं तर एलएसला मला दीड ते दोन वर्षं दिसत होती, तीही काही अडलं नाही तर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रात्री गाडी चालवायची आधीच बंद केलीय. त्यांना ट्रक हवा होता नर्सरीतून माती आणायला आणि नातीला शेजारच्या रस्त्यावर फिरवायला. १५५ असो की ११०, त्यासाठी भरपूर.

मग २५० शोधायला लागलो. इथेही खाचखळगे आहेत. १९७५ पासून या इंजिनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला येतो, आमचा कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड त्याला चालत नाही. त्याचं मोठं भावंड २९२ दिसायला जुळं, पण ब्लॉक उंच आणि एका बाजूचं माउंट वेगळ्या जागी. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, ब्लॉकवर ओतलेला कास्टिंग नंबर पुसून वाचा. आम्हाला सत्तरच्या सुरुवातीच्या एका सेडानचं मिळालं. घेण्याआधी तिथेच कॉम्प्रेशन मोजलं, सहाही सिलिंडर जवळपास सारखे.

तरी हेड उघडून व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. त्या काळचं पेट्रोल शिसं घातलेलं असायचं, शिशाचा थर व्हॉल्व्हला सांभाळायचा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ ला पूर्ण बंद झालं, भारतात २००० ला. आणि वाचलेल्या पैशांतून पुढे डिस्क ब्रेक. यावर मी हट्ट धरला, तो त्यांनी मान्य केला.

कागदपत्रांचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाही, म्हणून आम्ही सुटलो. ट्रक १९८० चा असता तर इंजिन त्याच किंवा नंतरच्या वर्षाचं, त्याच्या सगळ्या प्रदूषण यंत्रणेसकट लागलं असतं. आणि भारतात कोणी जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवायचं म्हणत असेल, तर आरसीवर इंजिन नंबर असतो हे विसरू नका. आधी आरटीओची परवानगी, मग पाना. गावाकडे पेट्रोल जीपला डिझेल इंजिन चढवलेल्या कितीतरी फिरताना दिसतात, पण कागद जुळत नसतील तर इन्शुरन्सवाला अपघातानंतर तेच पहिलं बघेल.

गेल्या महिन्यात इंजिन बसलं. नवा कॅमशाफ्ट घातला होता, त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास ठेवावं लागतं, मधे बंद करायचं नाही. तेवढा वेळ आजोबा केबिनमध्ये बसून पायाने रेस सांभाळत होते आणि मी टेम्परेचरच्या काट्याकडे बघत होतो. अठराव्या मिनिटाला त्यांनी काच खाली करून मला काहीतरी सांगितलं. आवाजात ऐकूच आलं नाही.

ऑइल पॅनच्या मागच्या कोपऱ्यातून अजून थेंब गळतोय. खाली पुठ्ठा ठेवलाय. येत्या शनिवारी बघू.