डोळा लवतो तेव्हा

डोळा लवला की आपण शकुन बघतो. पुरुषाचा उजवा लवला तर चांगले, बाईचा डावा लवला तर चांगले. खरे म्हणजे ती पापणीच्या स्नायूची थरथर असते. झोप कमी, दगदग फार, चहा फार, की पापणी लवू लागते. बहुधा एकाच डोळ्याची. काही दिवसांत ती आपोआप थांबते. तिला औषध नको, झोप हवी.

पण सगळेच लवणे असे साधे नसते.

समजा, पन्नाशी उलटलेली एक बाई आहे. आधी ती नुसती डोळे फार मिचकावते. उन्हात जास्त. पुढे दोन्ही डोळे गच्च मिटू लागतात. उघडू म्हटले तरी उघडत नाहीत. चुलीपुढे मिटतात, रस्ता ओलांडताना मिटतात. नजर शाबूत, पण बाई आंधळ्यासारखी चाचपडते. आणि घरचे म्हणतात, "सोंग करते!" कारण गाणे म्हटले, किंवा कपाळाला बोट लावले, की कुणाकुणाचे डोळे उघडतात. मग आत्ताच कसे उघडले, असे घरच्यांना वाटते. अहो, ते सोंग नव्हे. ती या दुखण्याची खूणच आहे. डॉक्टर ती मुद्दाम विचारतात.

या दुखण्याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. दोष मेंदूत असतो. नको तेव्हा तिकडून पापण्यांना मिटण्याचा हुकूम सुटतो. काहींचा जबडा आणि तोंडही वेडेवाकडे होते. हेन्री मेज या फ्रेंच डॉक्टरांनी १९१० साली त्याचे वर्णन केले.

दुसरे दुखणे एकाच बाजूचे. आधी डोळा, मग त्याच बाजूचा गाल आणि ओठ ओढला जातो. झोपेतही ते थांबत नाही. बहुधा आत एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबत असते. म्हणून डॉक्टर डोक्याचा एमआरआय काढायला सांगतात.

मात्र तोंड एकाएकी वाकडे झाले, डोळा मिटेनासा झाला, तर ते लवणे नव्हे. त्याच घडीला मोठा दवाखाना गाठावा.

ब्लेफरोस्पाझम रक्त तपासून कळत नाही. डॉक्टर बघतात आणि विचारतात. एक डोळा की दोन्ही? उजेडात वाढते का? डोळे कोरडे पडतात का, खुपतात का? डोळे घट्ट मिटून उघडायला लावतात. गंमत अशी की दवाखान्यात कधी कधी डोळे शहाण्यासारखे उघडे राहतात! म्हणून घरीच मोबाईलवर चित्रण करून न्यावे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेही न्यावीत. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तरी असे होते. पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दोन्ही दुखण्यांवर बोटुलिनमची सुई पापण्यांभोवती टोचतात. अमेरिकेत तिला १९८९ साली मान्यता मिळाली. स्नायू सैल पडतात, डोळे उघडे राहतात. गुण साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा टोचून घ्यावी लागते.