मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा रचतो तेव्हा आधी एक छोटा रासायनिक प्रयोग होतो. तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात, नोटांवर फिनॉल्फ्थेलीनची पांढरी पावडर हलकेच चोळतात आणि ग्लासात सोडियम कार्बोनेटचे बिनरंगी पाणी घेतात. पावडर लागलेली बोटे त्यात बुडाली रे बुडाली की पाणी गुलाबी! ही पावडर अल्कली भेटेपर्यंत आपला रंग दाखवतच नाही. पंचांना हे दाखवून ते पाणी ओतून देतात. लाच घेणाऱ्याची बोटे पुढे अशाच पाण्यात बुडायची असतात.

या जादूपेक्षाही मला नवल वाटते ते निघताना तक्रारदाराला दिलेल्या एका साध्या सूचनेचे: ‘समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.’ सोबत जाणाऱ्या पंचालाही बजावलेले असते की जवळच थांबा, काय बोलणे होते ते नीट ऐका. त्याआधी पडताळणीही होते. खरोखरच लाच मागितली जाते का, हे पंचासमक्ष रेकॉर्डर चालू ठेवून तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कायदा पोलिसांना बरीच मोकळीक देतो. ते वेषांतर करू शकतात, गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकतात, खुणेच्या नोटा देऊ शकतात. पण ज्याच्या मनात गुन्हा नव्हता त्याच्या मनात तो पेरायचा आणि मग उगवलेले पीक कापायला स्वतःच हजर व्हायचे, हे चालत नाही. पहिला सापळा, दुसरी फूस. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात.

अमेरिकेत या प्रश्नाने १९३० साली एका घरात प्रवेश केला. दारूबंदीचा काळ होता. नॉर्थ कॅरोलायनात सॉरेल्स नावाच्या माणसाकडे एक दारूबंदी अधिकारी प्रवासी बनून गेला, सोबत सॉरेल्सच्या ओळखीची माणसे. अधिकाऱ्याने दारू मागितली, सॉरेल्सने नकार दिला. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. मग गप्पा पहिल्या महायुद्धावर आल्या. दोघेही एकाच डिव्हिजनमधले जुने सैनिक निघाले! आठवणी निघाल्या, आणि अधिकाऱ्याने पुन्हा एकदा विचारले. या वेळी सॉरेल्स उठला आणि थोड्या वेळात अर्धा गॅलन दारू घेऊन आला. पाच डॉलर मिळाले आणि पाठोपाठ खटला. १९३२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांचा दोषी ठरवणारा निकाल उलटवला. गुन्ह्याची कल्पना सरकारी माणसाच्याच डोक्यातून निघाली असेल, तर आरोपीला तसा बचाव घेता आला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले.

आपल्याकडे फुसलावल्याचा असा स्वतंत्र बचाव कायद्यात लिहिलेला नाही. तरी हा विचार आपल्या न्यायालयांना परका नाही. बिहारमधल्या रामजनम सिंह खटल्यात १९५६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सांगितला होता: गुन्हा करायला निघालेल्याला सापळ्यात पकडणे वेगळे, आणि ‘नाही करायचे’ असे ठरवून बसलेल्याला भरीस पाडणे वेगळे. भल्याभल्यांना मोहाचे क्षण येतात आणि वाइटातल्या वाइटालाही कधी सुबुद्धी होते, ही मनुष्यस्वभावाची जाण त्या निकालात आहे.

लाचेच्या खटल्यात हीच जाण ‘मागणी’च्या रूपाने येते. समजा, कुणी साहेबांच्या नकळत पाकीट फायलीत सरकवले आणि साहेबांनी फाईल उघडली. बोटे गुलाबी होतीलच! म्हणूनच, मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या नोटा सापडल्याने गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याला एक महत्त्वाची जोड दिली. तक्रारदार मरण पावला किंवा उलटला तरी मागणी इतर पुराव्यांतून, अगदी परिस्थितिजन्य पुराव्यातूनही, सिद्ध करता येईल. पण सिद्ध करावीच लागेल. बातम्यांमध्ये ‘दहा हजार मागितले, तडजोडीअंती सात हजार ठरले’ असे छापून येते ना, त्या घासाघिशीचे रेकॉर्डिंग सरकारी वकिलाच्या फार कामाचे असते. जो भाव करतो तो ‘मी मागितलेच नाहीत’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

देणाऱ्याचाही हिशेब कायद्याने मांडला आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावे लागते. मात्र तपास यंत्रणेला आधी खबर देऊन तिच्या मदतीसाठी पैसे देणारा गुन्हेगार ठरत नाही. तेच टेबल, त्याच नोटा, तेच दोन हात. देणारा तक्रारदार की आरोपी, हे त्याने खबर कधी दिली यावर ठरते. आणि घेणारा सुटणार की अडकणार, हे नोटा खिशातून निघण्याआधी तो काय बोलला यावर.