नावामागचा अंक

इंटरनेटवरील यंत्राचा खरा ठावठिकाणा म्हणजे बत्तीस बिटांचा, वाचण्याच्या सोयीसाठी चार तुकड्यांत टिंबे देऊन लिहिलेला एक अंक असून नाव ही केवळ माणसाच्या दुबळ्या स्मरणशक्तीस दिलेली सवलत आहे, अशी आरंभीच्या काळात सर्वांची धारणा होती. या सवलतीचे दप्तर कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत असे, आणि १९७२ पासून १९८९ पर्यंत तेथील कारभार एलिझाबेथ फाइनलर या विदुषींच्या हाती होता. ज्या संस्थेस नवे यंत्र इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटला जोडावयाचे असेल तिने कचेरीच्या वेळात दूरध्वनी करून नाव व अंक दाखल करावेत, आणि बाकीच्यांनी ती ‘होस्ट्स’ नावाची यादी वेळोवेळी आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, असा तो सरळ व्यवहार होता.

यंत्रे शेकड्यांनी मोजता येत होती तोवर तो निभावला. पुढे एकच नाव दोघांनी मागावे, शिळी नक्कल बाळगणाऱ्याची फसगत व्हावी, असे प्रकार वाढले, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी पॉल मॉकापेट्रिस यांना पाच योजनांत तडजोड घडवून आणण्याची कामगिरी सोपविली. मॉकापेट्रिस यांनी तडजोड बाजूस ठेवून स्वतःचीच सहावी योजना रचली व नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. आज्ञाभंगाला इतके उत्तम फळ क्वचितच येते. सारी नोंद एका कचेरीत न ठेवता प्रत्येक शाखेचा मुखत्यार निराळा नेमावयाचा, आणि मूळ दप्तराने ‘कॉम’ची किंवा ‘इन’ची वही कोणाकडे आहे एवढेच सांगावयाचे, ही तिची रचना नामव्यवस्था (डीएनएस) म्हणून आजही चालू आहे.

अंकाची मातब्बरी मात्र तेव्हा कमी झाली नाही. वेबच्या पहिल्या वर्षांत ब्राउझरच्या पट्टीत नुसता अंक टाकला तरी पान उघडत असे. ही वहिवाट मोडली ती अंकांच्या टंचाईने; कारण बत्तीस बिटांत सुमारे ४२९ कोटी अंकच मावतात, आणि प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र अंक देण्याची उधळपट्टी परवडणारी नव्हती. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ब्राउझरने प्रत्येक मागणीत ‘होस्ट’ या ओळीवर हव्या त्या स्थळाचे नाव लिहिलेच पाहिजे असे ठरविले, आणि त्यायोगे एकाच अंकावर शेकडो स्थळे निर्वेध नांदू लागली. गिरगावातल्या चाळीचा नुसता क्रमांक लिहिलेले पाकीट घेऊन टपालवाला आला, तर जिन्याखाली उभे राहून त्याने हाक कोणाला मारावी? नुसता अंक टाकणाऱ्यास सर्व्हर एखादे भलतेच पान दाखवितो किंवा सरळ नकार देतो. एचटीटीपीएस असेल तर तत्पूर्वीच, प्रमाणपत्रावर तो अंक नाही म्हणून ब्राउझर इशारा देतो. यास्तव जाणकार मंडळी, नव्या सर्व्हरवर हलविलेले स्थळ जाहीर करण्यापूर्वी तपासावयाचे झाल्यास, अंक पट्टीत टाकीत नाहीत. आपल्या संगणकात अद्याप टिकून असलेल्या होस्ट्स फाइलीत अंक व नाव एका ओळीत लिहितात, म्हणजे मागणी नव्या अंकाकडे जाते आणि नावही सोबत राहते.

बंदी घातलेले स्थळ अंकाने उघडावे, ही लोकप्रिय युक्ती याच कारणाने बहुधा फसते. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटरवर बंदी आली ती प्रथम नामव्यवस्थेतून, आणि तेथील भिंतींवर ८.८.८.८ हे आकडे रंगविलेले दिसू लागले. तो अंक ट्विटरचा नव्हे, गूगलच्या नामशोधकाचा, म्हणजे नावावरून अंक सांगणाऱ्या सेवेचा, होता. लोकांनी स्थळाचा अंक शोधण्याऐवजी दुसरा कारकून गाठला, आणि माझ्या मते हेच अधिक शहाणपणाचे होते. सरकारही स्वस्थ बसले नाही. ट्विटरचे अंकच अडविण्यात आले, आणि तुर्की इंटरनेट सेवादार आता आमच्या नामशोधकाचे सोंग घेऊन स्वतःच उत्तरे देत आहेत, असे महिनाअखेरीस गूगलला जाहीर करावे लागले.

नुसत्या अंकाने बिनहरकत उघडणारी ठिकाणे आता थोडी उरली आहेत. पुष्कळ घरांतील राउटरचे १९२.१६८.१.१ हे पान त्यांपैकी एक, पण तो अंक घराच्या सरहद्दीबाहेर चालत नाही. दुसरे क्लाउडफ्लेअर कंपनीने १ एप्रिल २०१८ रोजी सुरू केलेल्या नामशोधकाचे, १.१.१.१ हे; त्याच्या प्रमाणपत्रात नावांच्या जोडीने हा अंकही नोंदलेला असल्यामुळे ब्राउझर त्यास हरकत घेत नाही.