खडी आम्ही फोडायची, अहवाल कुणी लिहायचा?

बीड जिल्ह्यात खनिज नाही, असेच सगळे धरून चालतात. कोळसा चंद्रपूरला, मँगनीज नागपूर-भंडाऱ्याला, लोखंड गडचिरोलीला. आपल्या वाट्याला काळा पाषाण, मुरूम आणि गोदावरी-सिंदफणेची वाळू. सरकारी भाषेत हे 'गौण खनिज'. पण या गौण मालावर किती हायवा धावतात आणि किती जणांचे राजकारण पोसले जाते, हे गेवराई-माजलगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. खडी फोडणारे हात वडार बांधवांचे, वाळू भरणारे हात आपल्याच वस्तीतल्या पोरांचे. ठेका कुणाच्या नावावर असतो, ते वाचकांनी आपापल्या गावात पाहावे.

आम्हाला आज ठेक्याबद्दल नव्हे, कागदाबद्दल बोलायचे आहे. 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वाळू व गौण खनिजाला पर्यावरण परवानगी देण्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते, याचा अभ्यास नसेल तर असा अहवाल टिकत नाही. हा अभ्यास होतो कसा? पावसाळ्याआधी नदीच्या पात्राची उंची मोजायची, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायची. वाढ झाली तेवढीच नवी वाळू. गेवराईच्या वर पैठणला नाथसागर आहे, गाळ तिथेच अडतो. मग खाली वाळू येणार कुठून? आणि वाळूच पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी आटतात, आणि टँकरच्या रांगेत पहिली घागर आपल्या बायाबापड्यांची असते. म्हणजे हा एक कागद गावाच्या पाण्याचा निकाल लावतो. तो वाचून 'हे आकडे खोटे आहेत' असे जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठणकावून सांगणारा माणूस आपल्यात किती गावांत आहे?

खनिज कुठे आहे, किती आहे, काढणे परवडते का आणि काढल्यावर मागच्यांना काय उरते, हे सांगणाऱ्या विद्येला आर्थिक भूविज्ञान म्हणतात. आपली पोरे डी.एड., बी.ए. आणि स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांत वर्षे घालवतात. त्यांना दोष नाही. हा विषय आहे हेच त्यांना कुणी सांगितले नाही.

बाबासाहेबांना मात्र खाणीचे महत्त्व ठाऊक होते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, खाणकामगारांचा प्रश्न त्यांच्याच खात्याकडे होता. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादजवळच्या झरिया भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले. 1944 च्या वटहुकमाने कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. जमिनीतून निघणाऱ्या संपत्तीचा वाटा राबणाऱ्याला मिळालाच पाहिजे, हे तत्त्व 2015 च्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या कायद्याच्या किती आधी अंमलात आले होते! याच 2015 च्या दुरुस्तीत कलम 15-अ आहे. गौण खनिजवाल्यांकडून प्रतिष्ठानासाठी किती घ्यायचे, हे त्याने राज्यावर सोपवले. त्याचा हिशेब मागायचा तर आधी ब्रास म्हणजे काय, स्वामित्वधन म्हणजे काय, हे कळायला हवे.

वाट सोपी नाही. एम.एस्सी., नेट, पीएच.डी. करूनही महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक आपण पाहतोच. शासन जागा भरत नाही आणि आरक्षणाचा अनुशेष कागदावरच राहतो. पण या विषयाला दुसरीही दारे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी लोकसेवा आयोग वेगळी भूवैज्ञानिक परीक्षा घेतो. परदेशी जायचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची शिष्यवृत्ती आहे. लिथियम, दुर्मीळ मृदा धातू यांच्यासाठी जगभर धावपळ चालली आहे. केंद्राने जानेवारी 2025 मध्ये त्यासाठी स्वतंत्र अभियानच काढले.

संशोधनाला विषय शोधायला परळीच्या पुढे जाण्याचीही गरज नाही. औष्णिक केंद्राची राख वर्षानुवर्षे लोकांच्या छातीत जाते आहे. ती विटांत किती जिरते, तिच्यात कोणते धातू आहेत, तळ्याखालच्या पाण्यात काय उतरते, हा एकेका पीएच.डी.चा ऐवज आहे. राखेचे ठेके घेणारे बरेच झाले, तिचा नमुना प्रयोगशाळेत नेणारे हवेत.

बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी बी.एस्सी.ला भूविज्ञान घ्यावे. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. आयआयटीत जायचे तर 'जॅम' परीक्षेत भूविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. धनबादची 1926 ची जुनी खाणशाळा आता आयआयटीच आहे, झरियाच्या खाणींपासून हाकेच्या अंतरावर. 'जॅम'चे आणि आयोगाच्या परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरच्या सुमारास निघतात.