डेस्कटॉप प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका घड्याळ-संकेताच्या तालावर होतात. या संकेताची एका सेकंदातील आवर्तने म्हणजे प्रोसेसरची वारंवारता होय. ती गिगाहर्ट्झ या एककात मोजतात. ४ गिगाहर्ट्झ वारंवारतेचा प्रोसेसर एका सेकंदात ४०० कोटी आवर्तने पूर्ण करतो. वारंवारता वाढवली की तेवढ्याच वेळात अधिक काम होते. मात्र त्यासाठी बहुधा विद्युतदाब अर्थात व्होल्टेजही वाढवावे लागते आणि त्यामुळे उष्णता वाढते. ओव्हरक्लॉकिंगमधील धोका वाढलेल्या वारंवारतेपेक्षा या दोन गोष्टींतून अधिक उद्भवतो. म्हणून सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग हे मुख्यतः विद्युतदाब आणि तापमान यांच्या नियंत्रणाचे काम आहे.

ओव्हरक्लॉकिंग शक्य होण्याचे कारण

सिलिकॉनच्या एकाच चकतीवर तयार झालेल्या चिप सर्वस्वी सारख्या नसतात. काही चिप कमी विद्युतदाबावर अधिक वेगाने चालतात, तर काहींना त्याच वेगासाठी अधिक दाब लागतो. उत्पादक चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी करतो आणि प्रत्येक प्रतीसाठी अशी वारंवारता ठरवतो की त्या प्रतीतील सर्वांत कमकुवत चिपही उष्ण वातावरणात, अनेक वर्षांच्या वापरानंतर बिनचूक चालावी. त्यामुळे बहुतेक चिपमध्ये थोडी क्षमता शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंगमध्ये ही शिल्लक वापरली जाते. ती प्रत्येक चिपमध्ये वेगळी असल्याने, एका संगणकावर यशस्वी ठरलेली मूल्ये त्याच मॉडेलच्या दुसऱ्या संगणकावर चालतीलच असे नाही.

इतिहास

इंटेलने १९९८ मध्ये बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए हे ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. या प्रोसेसरचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता आणि तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ३०० मेगाहर्ट्झने चालत असे. मदरबोर्डवर बसची वारंवारता १०० मेगाहर्ट्झ केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चालू लागे. कमी किमतीच्या या प्रोसेसरमध्ये १२८ किलोबाइटची कॅश मुख्य चिपवरच होती. त्यामुळे तो कित्येक कामांत महागड्या पेंटियम टू प्रोसेसरची बरोबरी करत असे.

पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्यूरॉन या प्रोसेसरच्या पृष्ठभागावरील तुटक जोड साध्या शिसपेन्सिलीने जोडून गुणक मोकळा करण्याची युक्ती लोकप्रिय झाली. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हा विजेचा वाहक असल्याने हे शक्य होते.

२०११ मधील सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे झाले आणि इतर जोडण्यांची घड्याळेही त्याच्याशी बांधली गेली. ते थोडे जरी वाढवले तरी संपूर्ण संगणक अस्थिर होऊ लागला. परिणामी गुणक वाढवणे हाच मुख्य मार्ग उरला आणि ती मुभा नावात ‘के’ हे अक्षर असलेल्या मॉडेलपुरती ठेवण्यात आली. एएमडीने २०१७ पासून रायझन मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरचे गुणक मोकळे ठेवले.

तत्त्व

वारंवारता आणि विद्युतदाब

४ गिगाहर्ट्झला प्रत्येक आवर्तनासाठी ०.२५ नॅनोसेकंद मिळतो. एवढ्या अवधीत संकेताने अनेक ट्रान्झिस्टरमधून जाऊन स्थिर होणे आवश्यक असते. वारंवारता वाढली की हा अवधी कमी होतो. संकेत वेळेत पोहोचला नाही तर गणिताचे उत्तर चुकते. विद्युतदाब वाढवल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद उघडझाप करतात आणि चूक टळते. अधिक वारंवारतेला अधिक विद्युतदाब लागतो तो या कारणाने.

वेग आणि उष्णता यांचे प्रमाण

प्रोसेसरमध्ये उघडझापीसाठी खर्च होणारी शक्ती ही वारंवारतेच्या समप्रमाणात, परंतु विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खर्च झालेली जवळजवळ सर्व शक्ती उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. समजा, एखादा प्रोसेसर १.२० व्होल्टवर ४.० गिगाहर्ट्झने चालताना ८० वॅट शक्ती घेतो. तो १.३० व्होल्टवर ४.४ गिगाहर्ट्झने चालवल्यास वेग १० टक्के वाढतो, पण शक्ती सुमारे १०३ वॅट होते, म्हणजे २९ टक्के वाढते. १.४० व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झ गाठल्यास वेग मूळच्या तुलनेत १५ टक्केच वाढलेला असतो, शक्ती मात्र १२५ वॅट, म्हणजे ५६ टक्क्यांहून अधिक वाढलेली असते. शेवटच्या २०० मेगाहर्ट्झसाठी पहिल्या ४०० मेगाहर्ट्झइतकीच अतिरिक्त उष्णता सोसावी लागते.

याखेरीज ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून थोडा प्रवाह झिरपत असतो आणि तापमानाबरोबर तो वाढतो. त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ वरील गणितापेक्षा अधिक असते.

तापमान

कूलर प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतो. म्हणून हवेचा किंवा पाण्याचा साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश अधिक तापतो, हे खर्च होणाऱ्या शक्तीवर आणि कूलरच्या क्षमतेवर अवलंबून असते. वरील उदाहरणात खोली २५ अंश सेल्सिअसला असताना ८० वॅटवर प्रोसेसर ६५ अंशांपर्यंत जात असेल, तर ही वाढ ४० अंशांची आहे. त्याच कूलरने १२५ वॅटवर ती सुमारे ६३ अंश होईल आणि प्रोसेसर ८८ अंशांवर पोहोचेल. हाच संगणक उन्हाळ्यात ३८ अंशांच्या खोलीत चालवला तर तापमान १०० अंशांच्या पुढे जाऊ पाहील. विदर्भ, खानदेश यांसारख्या उष्ण प्रदेशांत डिसेंबरमध्ये स्थिर वाटलेली मूल्ये मे महिन्यात अयशस्वी ठरू शकतात. म्हणून चाचणी करतानाच वर्षातील सर्वाधिक उष्णतेचा विचार करणे आवश्यक असते.

प्रत्येक प्रोसेसरला कमाल तापमानाची मर्यादा असते. इंटेलच्या अलीकडील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ती १०० अंश, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेक मॉडेलसाठी ९५ अंश सेल्सिअस आहे. ही मर्यादा आली की प्रोसेसर आपोआप वारंवारता आणि विद्युतदाब कमी करतो. या क्रियेस थ्रॉटलिंग म्हणतात. तापमान तरीही वाढत राहिल्यास संगणक बंद होतो. थ्रॉटलिंग सुरू झाल्यावर ओव्हरक्लॉकिंगचा हेतूच विफल होतो. त्यामुळे जास्तीत जास्त भाराखालीही तापमान मर्यादेच्या १० ते १५ अंश खाली राहील अशी योजना करतात. कूलरच्या पंख्यातील आणि जाळीतील धूळ काढणे, थर्मल पेस्ट योग्य रीतीने लावणे आणि कॅबिनेटमधून हवा खेळती ठेवणे या उपायांनी तापमानात लक्षणीय फरक पडतो.

विद्युतदाबाचे दुष्परिणाम

अति तापमानापासून प्रोसेसर स्वतःचे बऱ्याच अंशी रक्षण करतो. अति विद्युतदाबाविरुद्ध मात्र असे खात्रीचे संरक्षण नसते. मदरबोर्डवर चुकीचे मूल्य भरल्यास प्रोसेसर क्षणात निकामी होऊ शकतो. त्याहून अधिक आढळणारा प्रकार म्हणजे हळूहळू होणारी झीज. प्रवाहाची घनता आणि तापमान वाढले की चिपमधील अतिसूक्ष्म तारांतील धातूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने सरकू लागतात. यास इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. तसेच ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधक थर अधिक दाबाखाली कमजोर होतो. दोन्ही बदल कायमस्वरूपी असतात. पूर्वी ज्या विद्युतदाबावर प्रोसेसर स्थिर होता, त्याच दाबावर काही महिन्यांनी चुका होऊ लागणे हे अशा झिजेचे लक्षण होय. त्यावर दाब आणखी वाढवल्यास झीज अधिक वेगाने होते.

अलीकडील दोन घटनांतून या धोक्याचे स्वरूप स्पष्ट झाले. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यानंतर एएमडीने चिपमधील एसओसी भागाच्या विद्युतदाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली. वाढीव विद्युतदाब हे त्याचे एक प्रमुख कारण होते. इंटेलने मायक्रोकोडमध्ये सुधारणा केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ओव्हरक्लॉकिंग न केलेले प्रोसेसरही यात बाधित झाले होते. आधीच झालेली हानी मात्र मायक्रोकोडमुळे भरून निघत नव्हती.

सुरक्षित विद्युतदाबाचा एकच आकडा सर्व प्रोसेसरना लागू होत नाही. तो निर्मितीच्या तंत्रज्ञानावर, प्रवाहावर आणि तापमानावर अवलंबून असतो. जुन्या पिढीतील प्रोसेसरला मानवणारा दाब नव्या पिढीला घातक ठरू शकतो. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेली माहिती पाहणे आवश्यक आहे.

पूर्वतयारी

प्रोसेसरचा गुणक मोकळा असणे आणि मदरबोर्डच्या चिपसेटने तो बदलू देणे, या दोन प्राथमिक अटी होत. इंटेलच्या बाबतीत ही सोय साधारणपणे ‘झेड’ श्रेणीच्या, तर रायझनच्या बाबतीत ‘बी’ आणि ‘एक्स’ श्रेणीच्या चिपसेटवर असते. मदरबोर्डवरील विद्युतदाब-नियामक भाग आणि वीजपुरवठा करणारे एसएमपीएस वाढीव भार पेलतील इतक्या क्षमतेचे असावे लागतात.

आरंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतात. अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी संगणक बंद पाडतोच असे नाही. कधी तो केवळ चुकीचे उत्तर देतो आणि ते उत्तर तसेच फाइलमध्ये साठवले जाते. प्रबंध, हिशेब किंवा छायाचित्रे अशा रीतीने बिघडल्यास ते बऱ्याच उशिरा लक्षात येते.

कार्यपद्धती

१. मूळ स्थितीत पूर्ण भाराखाली तापमान, विद्युतदाब आणि कामाचा वेग मोजून नोंदवावा. नंतरची सर्व तुलना या नोंदीशी करता येते.

२. बायोसमध्ये रॅमची वाढीव वेगाची मांडणी तूर्त बंद ठेवावी. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्यास चूक कशामुळे झाली हे कळत नाही.

३. विद्युतदाब ‘ऑटो’वर सोडू नये, अनेक मदरबोर्ड या स्थितीत गरजेपेक्षा अधिक दाब देतात.

४. गुणक एकाने वाढवावा, म्हणजे वारंवारता १०० मेगाहर्ट्झने वाढते. संगणक सुरू करून १० ते १५ मिनिटे चाचणी घ्यावी व निरीक्षणे नोंदवावीत.

५. चाचणी यशस्वी झाल्यास पुढील पायरी घ्यावी. अयशस्वी झाल्यास विद्युतदाब ०.०१ ते ०.०२५ व्होल्टने वाढवून पुन्हा चाचणी घ्यावी.

६. तापमान किंवा विद्युतदाब ठरवलेल्या मर्यादेशी पोहोचल्यास थांबावे. पुढील १०० मेगाहर्ट्झसाठी आधीच्या पायऱ्यांपेक्षा बराच अधिक दाब लागू लागणे, हीदेखील थांबण्याची खूण होय.

७. अखेरीस गुणक एका पायरीने खाली आणून दीर्घ चाचणी घ्यावी.

भार अचानक वाढला की प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब थोडा खाली येतो. ही घट भरून काढण्यासाठी मदरबोर्डमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. तिची सर्वांत तीव्र पातळी निवडल्यास भार कमी होताना दाब क्षणभर ठरवलेल्या मूल्याच्या वर उसळतो. म्हणून मध्यम पातळी पसंत केली जाते.

चुकीच्या मूल्यांमुळे संगणक सुरूच झाला नाही, तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील सीमॉस पुसल्यास मूळ मूल्ये परत येतात.

स्थिरतेची चाचणी

प्राइम९५ हा कार्यक्रम मूळात मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी तयार झाला. तो आपली उत्तरे ज्ञात उत्तरांशी ताडून पाहतो. त्यामुळे संगणक बंद न पडताही प्रोसेसरची चूक उघडकीस येते. ओसीसीटी, सिनेबेंच आणि रॅमसाठी मेमटेस्ट८६ यांचाही उपयोग केला जातो. तापमान व विद्युतदाब पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो प्रचलित आहे. एकाच चाचणीवर विसंबणे योग्य नसते. एव्हीएक्स प्रकारच्या आज्ञा प्रोसेसर सर्वाधिक तापवतात, तर काही चुका भार अगदी हलका असतानाच घडतात. दीर्घ चाचणी काही तासांची असावी आणि त्यानंतर काही दिवस नेहमीच्या कामात निरीक्षण करावे. निळा पडदा, आपोआप पुन्हा सुरू होणे आणि विंडोजच्या नोंदवहीत हार्डवेअर-दोषाच्या नोंदी येणे ही अस्थिरतेची लक्षणे होत.

मर्यादा आणि पर्याय

मोकळ्या गुणकाचा प्रोसेसर विकत घेतला तरी ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी सर्वसाधारणपणे हमीत समाविष्ट नसते. शिवाय लाभही कामानुसार बदलतो. ग्राफिक्स कार्डवर किंवा डिस्कच्या वेगावर अवलंबून असलेल्या कामांत प्रोसेसरचा वेग वाढवून फारसा फरक पडत नाही. ज्या संगणकांवर चुकीचे उत्तर मुळीच चालत नाही, अशा सर्व्हर आणि वैद्यकीय यंत्रणांत ओव्हरक्लॉकिंग टाळले जाते.

विक्रमांसाठी प्रोसेसर उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनने किंवा त्याहूनही थंड अशा द्रवरूप हेलियमने गार करतात. २०२२ मध्ये अशा रीतीने ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली गेली. असे प्रयोग थोड्या वेळापुरतेच असतात आणि दैनंदिन वापराशी त्यांचा संबंध नसतो.

आधुनिक प्रोसेसर तापमान आणि शक्ती पाहून स्वतःच वारंवारता वाढवतात. त्यामुळे पूर्वी वापरकर्त्याला मिळणारी शिल्लक क्षमता आता बरीचशी कारखान्यातच वापरली जाते. या परिस्थितीत अंडरव्होल्टिंग, म्हणजे वारंवारता तीच ठेवून विद्युतदाब कमी करणे, हा पर्याय अधिक प्रचलित होत आहे. रायझनमधील कर्व्ह ऑप्टिमायझर ही याच प्रकारची सोय आहे. दाब घटल्याने उष्णता घटते आणि मोकळ्या झालेल्या मर्यादेत प्रोसेसर अधिक काळ उच्च वारंवारतेवर राहतो. यात झिजेचा धोका वाढत नाही. मात्र दाब गरजेपेक्षा कमी झाल्यास ओव्हरक्लॉकिंगप्रमाणेच चुका उद्भवतात. त्यामुळे स्थिरतेची चाचणी येथेही तितकीच आवश्यक असते.